मशीनवर दुसरा नंबर

थंडी पडायला लागली की आमच्या कारंजातल्या गल्लीत रजया विकणारा येतो. मोटारसायकलच्या मागं त्याच्या डोक्यापेक्षा उंच गठ्ठा. दारासमोर थांबून तो वरची रजई झटकन उलगडतो आणि म्हणतो, "हात लावून पाहा आजी. पूर्ण मशीनची शिलाई. एक टाका वाकडा सापडला तर रजई फुकट." मी चष्मा लावून पाहते. टाका वाकडा नसतोच. शाळेतल्या दुरेघी वहीचं पान अंगावर घ्यावं अशी ती रजई दिसते. मग मी विचारते, "थोडा वेळ पांघरून पाहू का?" तो हसतो. त्याला वाटतं म्हातारी गंमत करते आहे. मी गंमत करत नसते. गोधडीची परीक्षा कशी घेतात हे मी एका थंडीत जवळून पाहिलं आहे. त्या परीक्षेत मी पंच होते आणि माझी सासू परीक्षेला बसली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा अजून व्हायचा होता. आमचं सगळं सरकार अकोल्याला राहत होतं. एस.टी.नं इंझोरीच्या पुढं फाट्यावर उतरायचं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांमधून पायी आत चालत यायचं, की आमचं गाव. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा मॅट्रिक झालेली होते, म्हणून आल्या-आल्या गावची बालवाडी माझ्या गळ्यात पडली. यजमान शेजारच्या गावी मास्तर. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, धुरपताबाई. आमच्याकडं सून सासूला आत्याबाई म्हणते. आत्याबाई उंचीनं माझ्या खांद्याला लागत, आवाज मात्र विहाराच्या पलीकडं जाई. त्यांचं कुजबुजणंसुद्धा तीन घरं ऐकत.

गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात, आणि बोलताना वाकय. त्या वर्षी थंडी फार पडली होती. सकाळी पऱ्हाटी वेचायला गेलेल्या बाया दवानं गुडघ्यापर्यंत भिजून परत येत. बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे. दुपारी घरोघर तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असत, आणि त्या सोलता-सोलता ओसरीवर वाकळ पसरलेली असे. चार बाया चार कोपऱ्यांना बसत. मधोमध एखादं पोर लोळत असे, त्याला उचलून टाके पुढं सरकत. वाकळीला वास असतो. चुलीचा धूर, पेटीतला कडुनिंबाचा सुकलेला पाला, कोणत्या तरी मावशीच्या लुगड्याला चिकटलेली तपकीर. नव्या सुनेला घरातली माणसं ओळखू येण्याआधी वाकळी ओळखू येतात. मला यजमानांच्या दिवंगत वडिलांची पहिली ओळख वाकळीतल्या धोतराच्या तुकड्यानंच झाली होती.

तर त्या थंडीत ब्लॉकच्या ऑफिसातून एक बाई आल्या. सोनेरी काडीचा चष्मा, काळी पर्स आणि पर्सच्या बाहेर डोकावणारी लाकडी फूटपट्टी. महिला मंडळातर्फे गावात वाकळ-स्पर्धा घ्यायची होती. शाळेच्या व्हरांड्यात बायांना बसवून त्यांनी नियम वाचून दाखवले. टाके सारख्या अंतरावर हवेत. चारही कोपरे काटकोनात हवेत. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ हवी. रंगसंगती हवी.

"रंगसंगती म्हंजे काय वं बाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"म्हणजे कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग लावायचा, ते."

"जे लुगडं फाटते ते लागते, बाई. हिरवं फाटाच्या आंधी लाल कसं फाडू?"

व्हरांडा हसला. बाईही हसल्या, त्या मनानं चांगल्या होत्या. त्यांनी पुढं सांगितलं की स्पर्धेचे दोन गट आहेत, हातशिलाई आणि मशीनशिलाई, कारण हाताच्या आणि मशीनच्या कामाला एकच माप लावणं अन्याय होईल. आज विचार केला की पटतं. त्या काळी मात्र 'मशीनशिलाई' हा शब्द ऐकून सगळ्या बायांनी एकदम एकाच दिशेला माना वळवल्या. तिथं कमल बसली होती.

कमल आमच्या वेटाळातली, म्हणजे विहाराभोवतीच्या आमच्या बौद्ध वस्तीतली, माझ्याच वयाची. तिचा नवरा कारंजाला कंडक्टर. त्यानं तिला पायडलची शिलाई मशीन आणून दिली होती, आणि ती गावातली एकमेव मशीन होती. एरवी आमच्या वेटाळात पाऊल न टाकणाऱ्या बाया पोलक्याच्या मापासाठी कमलच्या ओसरीपर्यंत येत. कमलनं मशीनवर वाकळ शिवलीही होती, दोन थरांची, पातळ, पण रेषा अशा की नजर घसरत जावी. स्पर्धा जाहीर झाली तेव्हा कमलला वाटलं, मशीनचा पहिला नंबर आपलाच. मग बाईंनी आणखी एक नियम वाचला. ज्या गटात एकच वाकळ येईल तो गट रद्द.

बक्षिसं टेबलावर मांडली होती. हातशिलाईला पहिलं बक्षीस स्टीलची कळशी. त्या काळी स्टील म्हणजे काय, हे आजच्या पोरींना सांगून समजत नाही. पितळेला चिंचेनं घासून-घासून आमची बोटं काळी पडत, आणि ही कळशी नुसती पाण्यानं धुतली की पुन्हा नवरीसारखी. सभा संपल्यावर बाया एकेक करून टेबलाजवळून गेल्या आणि प्रत्येकीनं कळशीत आपलं तोंड पाहून घेतलं. मशीनशिलाईला पहिलं बक्षीस स्टीलचा डबा, दुसरं चहाची गाळणी.

दुसऱ्या दिवसापासून कमल गावात हरणारी बाई शोधत फिरू लागली. स्वतःची मशीन, स्वतःचा दोरा, सुया, तेल, सगळं द्यायला ती तयार होती. फक्त कोणीतरी तिच्याविरुद्ध उभं राहायला हवं होतं. पण मशीन पाहून बाया मागं सरत. कोणी म्हणे बोट शिवलं जाते, कोणी म्हणे गर्भाला हिसके बसतात. शेवटी कमल आमच्या ओसरीवर आली.

"मावशी, तुमी बसा ना मशीनवर."

"मले मशीन येते का वं?" आत्याबाई म्हणाल्या.

"नाई येत म्हनूनच त!"

आत्याबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. आता काही तरी जोरात ऐकावं लागणार म्हणून मी आत सरकले. पण त्या वेगळ्याच विचारात होत्या.

"म्हंजे हाताची एक वाकय अन् मशीनीची एक? दोनी गटात माहं नाव?"

"हो मावशी."

"सांगत काहून नाई मंग आंधी? चाल."

आत्याबाईंचं मशीनशिक्षण कमलच्या ओसरीवर उघड्यावर झालं, त्यामुळं ते सगळ्या वेटाळानं पाहिलं. पहिल्या दिवशी पायडल उलटं फिरलं आणि दोरा बॉबिनला असा गुरफटला की कमलला चिमट्यानं काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सुई मोडली. "पाय वेगळे चालवाचे, हात वेगळे चालवाचे," आत्याबाई म्हणाल्या, "मानूस हाय का दोन बैलायची जोडी?" मशीन भरधाव सुटली की त्या तिला बैलासारख्या ओरडत, "व्हो, व्हो, व्हो!" आणि मशीन अर्थातच ऐकत नसे, कारण पाय त्यांचेच चालू असत. लहान पोरं भिंतीवर बसून त्यांच्याबरोबर "व्हो" म्हणत. विहारातून परतणारे म्हातारेसुद्धा क्षणभर थांबून पाहत आणि गंभीर तोंडानं पुढं जात.

तरीही त्यांनी वाकळ पूर्ण केली. रेषा नाल्यातल्या पाण्यासारख्या, वाट फुटेल तिकडं गेलेल्या. शेवटची रेघ संपवून आत्याबाई विजयानं उठल्या आणि घराकडं निघाल्या, तर वाकळही त्यांच्या मागं निघाली. पदर शिवला गेला होता. हातभर, अगदी पक्का. कमलनं टाके काढून पाहिले. मशीनचे टाके हाताच्या टाक्यांसारखे सहज उसवत नाहीत, कापडच फाटू लागलं. अखेर आत्याबाईंनी स्वतःच कात्री मागितली आणि पदराचा तुकडा कापून वाकळीवरच सोडून दिला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "ठिगय म्हनून शोभते."

या सगळ्यात माझी वेगळीच पंचाईत चालली होती. बाईंनी तीन पंच नेमले होते: त्या स्वतः, सरपंचांच्या बायको गिरजाबाई, आणि लिहिता-वाचता येतं म्हणून मी. हे कळल्यापासून आत्याबाई माझ्याशी विचित्र वागू लागल्या. सुरुवातीला मला वाटलं, आता मला रोज शेंगांचा पहिला घास मिळणार, पाणी भरायला माझ्याऐवजी कोणी तरी दुसरं जाणार. झालं उलट. त्यांनी मला समोर बसवलं.

"आयक. मले मार्क देऊ नोको. देशीन त लोक म्हनतीन सुनेनं देल्ले."

"मंग काय करू?"

"कमी दे. तू कमी देऊन बी मी पयली आली पाह्यजे. त्याले म्हनते नंबर."

"अन् वाकय खरंच चांगली असली त?"

"चांगली त हायच. तुले इचारलं कोनं?"

यजमान कोपऱ्यात वही तपासत होते. त्यांनी वही तोंडासमोर धरली. वहीच्या मागं खांदे हलत होते.

आत्याबाईंची हाताची वाकळ खरंच कशी होती, ते सांगायला हवं. दिसायला ती मुळीच सुंदर नव्हती. चार-पाच थरांची, जड, मातकट. टाके कडेकडेनं आत वळत जाऊन मध्याशी संपलेले. वावर कडेनं आत नांगरत जावं तसे. पण तिच्यातली एकही घडी कुठं गोळा झाली नव्हती, कुठं गाठ लागत नव्हती. मी लग्नाच्या पहिल्या थंडीत तीच पांघरली होती. परक्या घरात, परक्या छपराखाली, पहिल्याच आठवड्यात मला माहेरची आठवण न येता झोप लागली, ती त्या वाकळीमुळं असं मला आजही वाटतं. पण हे मी पंच म्हणून कुठं लिहिणार होते?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बाया वाकळी डोक्यावर घेऊन शाळेत आल्या. अंगणात दोन दोर बांधले होते. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, तरी गावातल्या बायांच्या वाकळी एका दोरावर गेल्या आणि आमच्या वेटाळातल्या दुसऱ्या दोरावर. हे इतकं सहज झालं की मलाही ते जाणवलं नाही. बाईंना तर काहीच माहीत नव्हतं. त्या आल्या, त्यांनी पर्समधून आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि टाचण्या काढल्या, आणि म्हणाल्या, "नावं गुप्त राहायला हवीत. सगळ्या वाकळी उतरवा, मिसळा, आणि चिठ्ठीच्या क्रमानं परत टांगा."

कोणीच दोराकडं हात नेला नाही. एका दोरावरची वाकळ दुसऱ्या दोरावरच्या वाकळीला लागणार होती. बाई टाचण्या तोंडात धरून वाट पाहत होत्या. मग कमलनंच पुढं होऊन पहिली वाकळ उतरवली, दुसऱ्या दोरावरची दुसरी उतरवली आणि दोन्ही एकाच हातावर घेतल्या. आभाळ जागच्या जागी राहिलं. बाया हळूहळू कामाला लागल्या.

नावं गुप्त ठेवायची कल्पना बाईंची चांगली होती, पण तीन मिनिटंही टिकली नाही. वाकळ लुगड्यांची असते आणि गावातल्या बायांना गावातली सगळी लुगडी पाठ असतात.

"हे त रुखमीच्या लग्नातलं व्हय."

"अन् हे तिच्या सासऱ्याचं धोतर. भांडनात फाटलं होतं."

"अवं, हे लुगडं त म्या तिले उसनं देल्लं होतं!"

बाई फूटपट्टी लावून टाके मोजत पुढं सरकत, आणि मागून गावाचा इतिहास वाचला जाई. आत्याबाईंच्या मशीनच्या वाकळीजवळ त्या बराच वेळ थांबल्या. त्यांनी पदराचा तो तुकडा दोन बोटांनी उचलून पाहिला.

"हे नक्षीकाम आहे का?"

"हो," आत्याबाई लांबूनच म्हणाल्या. नावं गुप्त होती.

हाताच्या गटात बाईंच्या मनात एक वाकळ भरली होती. तिच्या मधोमध हिरव्या-निळ्या तुकड्यांचा मोर होता, कोपरे सरळ, पाठ स्वच्छ. आत्याबाईंच्या वाकळीपाशी आल्यावर बाईंनी माझं मत विचारलं आणि मी सांगून टाकलं की ही माझ्या सासूची. त्यांनी माझं नाव त्या वाकळीपुरतं पंचांतून काढलं. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर मोठं समाधान दिसलं. बाईंनी पट्टी लावली, वळणारे टाके पाहून ओठ मुडपले आणि पुढं जाऊ लागल्या.

तेव्हा गिरजाबाई बोलल्या. तोवर त्या भिंतीला टेकून जांभया देत बसल्या होत्या. घरी नातवाला दात येत होते आणि पोर चार रात्री कोणालाच झोपू देत नव्हतं.

"बाई, पट्टी ठेवा बाजूले. वाकय का वावर हाय मोजाले? आंगावर घेऊन पाहा, तवा समजन."

"मग तुम्हीच पाहा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता.

गिरजाबाईंनी ते आव्हान म्हणून घेतलं. व्हरांड्यात शाळेची सतरंजी अंथरली गेली. सरपंचीणबाई साऱ्या गावासमोर तिच्यावर आडव्या झाल्या आणि एकेक वाकळ मागवू लागल्या. "ही टोचते." दुसरी. "हिच्यात पाय उघडे राह्यतात. कोनासाठी शिवली, पोरासाठी का?" तिसरी. मोराची वाकळ आली. गिरजाबाईंनी डोळे मिटले, उघडले. "मोर छातीवर बसला वं. जड हाय पक्षी." बाईंनी तिकडं पाहिलं नाही.

मग आत्याबाईंची वाकळ आली. ती कोणाची हे गिरजाबाईंना माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. त्यातलं निळं लुगडं आत्याबाईंनी वर्षभर नेसलं होतं आणि त्या लुगड्यात त्या गिरजाबाईंच्या शेतात वेचायला गेल्या होत्या. सगळं अंगण पाहत होतं. गिरजाबाईंनी क्षणभर वाकळीकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी ती हनुवटीपर्यंत ओढली.

त्यांनी डोळे मिटले. बाई पेन्सिल घेऊन थांबल्या. बाया थांबल्या. आत्याबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर झाल्या. बराच वेळ गेला, आणि मग सतरंजीवरून एक बारीक, सुखी घोरणं ऐकू आलं.

"गिरजाबाई?" बाई म्हणाल्या.

घोरणं एक पायरी वर चढलं.

दिवसाढवळ्या झोपलेली बाई मी त्या गावात तोवर पाहिलीच नव्हती. बाळंतीण किंवा तापानं फणफणलेली सोडली तर दुपारी बाईचे डोळे मिटलेले दिसणं म्हणजे घरात काही तरी वाईट झालेलं असणं. आणि इथं शाळेच्या व्हरांड्यात, शे-दीडशे माणसांसमोर, गावची सरपंचीणबाई तोंड किंचित उघडं टाकून निजली होती. कोणी हसलं नाही, हेच मला आज आठवतं. एकीनं आपल्या रडणाऱ्या पोराला उचलून अंगणाच्या पार टोकाला नेलं. दुसरीनं कोंबड्यांना हुसकलं. आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजल्या, आणि खरंच फक्त मलाच ऐकू गेलं: "उठवू नोका."

आता आमची लेक नागपूरला असते. तिच्या घरी झोप मोजायचं घड्याळ आहे. सकाळी ते सांगतं की रात्री किती खोल झोपलात. मी एकदा मनगटावर बांधून पाहिलं. घड्याळाचा माझ्या झोपेवर विश्वास नव्हता. त्याला गिरजाबाई दाखवायला हव्या होत्या.

तर गिरजाबाई उठेपर्यंत हाताच्या गटाचा निकाल अडकला. वेळ जावा म्हणून बाईंनी मशीनच्या गटाचा निकाल हलक्या आवाजात जाहीर केला. दोन वाकळी. कमलचा पहिला नंबर, स्टीलचा डबा. धुरपताबाईंचा दुसरा नंबर, चहाची गाळणी. झोपलेल्या पंचामुळं टाळ्या वाजवायच्या नव्हत्या, म्हणून बायांनी नुसते हात हलवले. आत्याबाईंनी गाळणी कपाळाला लावून घेतली.

ऊन व्हरांड्यातून सरकलं. वारा सुटला. बाईंना परतीची एस.टी. गाठायची होती, पण निकालाशिवाय जाता येईना. त्या सतरंजीच्या कडेला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी वाकळीचा एक कोपरा, गिरजाबाईंच्या पायाकडचा, आपल्या गुडघ्यांवर ओढून घेतला. सुरुवातीला मला वाटलं त्या टाके तपासताहेत. मग त्यांची पट्टी हातातून खाली गळली आणि त्यांनी ती उचलली नाही.

गिरजाबाई उठल्या तेव्हा त्यांच्या गालावर वाकळीच्या टाक्यांच्या रेषा उमटल्या होत्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर सावरला आणि बाईंना म्हणाल्या, "हीच. अजून कोनती दाखवू नोका." बाईंनी गुडघ्यांवरचा कोपरा सोडला नव्हता. त्यांनी मान हलवली. हातशिलाईत पहिला नंबर, धुरपताबाई.

वेटाळातल्या आमच्या बाया अशा ओरडल्या की झोपेसाठी दाबून धरलेल्या आवाजाचं सगळं व्याज एकदम फिटलं. आत्याबाई कळशीकडं चालू लागल्या. आणि तेवढ्यात बाईंचा हात त्यांच्याच कागदावर थबकला. नियमांच्या तळाशी एक ओळ होती, जी सभेच्या दिवशी वाचायची राहून गेली होती. एका स्पर्धकास एकच पारितोषिक.

"धुरपताबाईंना गाळणी मिळालेली आहे," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं.

"गायनी वापस घ्या ना मंग!" कोणीतरी ओरडलं.

"परत घेतली तर त्यांचं नाव मशीनच्या गटातून निघेल. मग त्या गटात एकच वाकळ उरते." बाईंनी डब्याकडं पाहिलं. सगळ्यांना समजलं होतं. गाळणी परत गेली तर गट रद्द, आणि गट रद्द झाला तर कमलचा डबा गेला.

गिरजाबाई सतरंजीवरूनच म्हणाल्या, "मंग माही झोप फुकट गेली का?"

कमल उठली. तिनं डबा आणला आणि टेबलावर ठेवला. झाकण नीट बसवलं. "मावशीले कयशी द्या," ती म्हणाली. तिच्या मशीनवर ज्यांनी पोलकी शिवून घेतली होती त्या बाया खाली पाहू लागल्या. तो डबा घरी नेऊन नवऱ्याला दाखवायची तिची केवढी हौस होती, ते मला ठाऊक होतं. ती मला रोज विचारायची, डब्यात पहिल्यांदा काय भरू, साखर का डाळ.

आत्याबाईंनी कळशीकडं पाहिलं. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. कळशीत त्यांचं तोंड दिसत होतं, रुंद आणि वाकडं. मग त्या डब्याकडं वळल्या आणि तो उचलून कमलच्या पोटाशी दाबला.

"ठेव तुह्याजवय. माही हाताची वाकय चांगली हाय, हे मले काय आज समजलं? सरपंचीनबाई निजल्या, साऱ्या गावानं पाह्यलं. त्याच्यावर कोनता नंबर असते वं?" आणि त्यांनी गाळणी वर धरली. "पन मशीनवर! मशीनवर माह्या सात पिढ्यात कोनाचा नंबर आला नाई."

"दोघीच त होत्या मशीनवर," मागून एक आवाज.

"तिसरी कायले नाई आली मंग?"

कळशी मोरवालीला मिळाली. तिनं ती घेताना आत्याबाईंच्या पायाला हात लावायचा की नाही, या विचारात दोनदा वाकल्यासारखं केलं आणि शेवटी नुसतंच हसली. बाईंची एस.टी. चुकली, त्या रात्री शाळेच्या हेडमास्तरांकडं राहिल्या आणि पांघरायला काय देऊ असं विचारल्यावर त्यांनी काय मागितलं असेल ते सांगायला नको.

आत्याबाईंना कळशीचं काहीच वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मोरवाली विहिरीवर कळशी घेऊन आली तेव्हा आत्याबाईंनी ती हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि म्हणाल्या, "गयत त नाई ना?" गळत नव्हती. घरी येऊन त्यांनी चहा केला, गाळणीनं एकदा गाळला, पुन्हा भांड्यात ओतून दुसऱ्यांदा गाळला. तिसऱ्यांदा गाळायला निघाल्या तेव्हा यजमानांनी कप पुढं केला. "आई, आता देऊन टाक. त्यात काही राह्यलं नाई."

वेचणी संपत आली होती, तुरी वाळायला लागल्या होत्या. एका दुपारी मी बालवाडीतून घरी आले तर गिरजाबाई आमच्या दारात उभ्या. बरोबर गडी नाही, मोलकरीण नाही. काखेत जुन्या लुगड्यांचं गठुडं. सरपंचांच्या घरची बाई आमच्या वेटाळात इतक्या आत मी कधी पाहिली नव्हती. आजूबाजूच्या दारांतून डोकी बाहेर आली.

"धुरपता, मले तशी वाकय शिवून दे."

"मी शिवून देत नाई," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी ओसरीवर अर्धी झालेली वाकळ पसरलेली होती. त्यांनी एक कोपरा थोपटला. "बसा. संगं शिवू. तुमची तुमाले येईन."

गिरजाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. मग चपला काढल्या आणि ओसरीवर चढून त्या कोपऱ्याशी मांडी घालून बसल्या. आत्याबाईंनी सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात दिला. मी चुलीवर चहा ठेवला. बाहेर दोघी बोलत होत्या. नातवाचे दात, यंदाची तूर, कोणाची म्हैस. सुया चालल्या होत्या. बराच वेळ सगळं गोडीत चाललं होतं, आणि मी कप घेऊन बाहेर येत होते, तेव्हा आत्याबाई वाकून गिरजाबाईंचे टाके पाहू लागल्या. समोरच्या दारातली डोकी अजून तिथंच होती.

"उसवा," आत्याबाई म्हणाल्या.

मी उंबऱ्यात तशीच थांबले. गावात सरपंचीणबाईंना कोणी असं काही सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि ज्या ओसरीवरून ते सांगितलं गेलं त्या ओसरीवरून तर नाहीच. गिरजाबाईंनी आपल्या टाक्यांवर बोट फिरवलं. मोठे होते, घाईचे होते.

"कुठून?"

"पयल्यापासून."

गिरजाबाईंनी दोरा दातात धरून तोडला, वाकळ मांडीवर ओढली आणि पहिल्या टाक्यापासून उसवायला घेतलं.